विंडोज ११ बसवलं आणि लॅपटॉप रखडला : आठव्या पिढीच्या आय-फाइव्हवरचं परीक्षण

इंटेल कोअर आय-५ ८२५०यू, ८ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएमवाली हार्ड डिस्क. २०१८च्या आसपास दुकानात 'घरी वापरायला चांगला लॅपटॉप दाखवा' म्हटलं की साधारण हाच संच पुढे यायचा. कंपनीचं नाव आणि झाकणाचा रंग तेवढा बदलायचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला आणि हे सगळे लॅपटॉप विंडोज ११च्या दारात येऊन उभे राहिले. कागदावर ते पात्र आहेत. आठवी पिढी यादीत बसते, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आहे, ४ जीबी रॅमची अट तर दुपटीने पुरी होते. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं पात्रता तपासणारं साधन हिरवी खूण दाखवतं, अपग्रेड बिनबोभाट होतं. आणि मग स्टार्ट मेनूवर क्लिक करून चहाचा एक घोट घेता येईल इतका वेळ काहीच घडत नाही.

या हिरव्या खुणेत एक मोठी गोम आहे. मायक्रोसॉफ्टची अट '६४ जीबी किंवा त्याहून मोठी साठवण' एवढीच आहे. ती फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवरची साठवण), हे त्या यादीत विचारलेलंच नाही. म्हणजे ही खूण 'बसेल' एवढंच सांगते, 'पळेल' असं नाही. विंडोज ११ वाईट नाही, पण हार्ड डिस्कवर ते बसवू नये, हे या परीक्षणाचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. आता ते मत का, आणि डिस्क सोडून दुसरं काही दुखत असेल तर ते कसं ओळखायचं, ते पाहू.

पहिले दोन दिवस हात लावू नका

अपग्रेडनंतर लगेच जो संथपणा दिसतो त्यातला बराचसा तात्पुरता असतो. विंडोज सगळ्या फायलींची अनुक्रमणिका नव्याने बांधतं, डिफेंडर सगळ्या फायली पुन्हा तपासतो, विंडोज अपडेट मागून ड्रायव्हर आणि मासिक अपडेट ओढतं, वनड्राइव्ह ताळा जमवतं. टास्क मॅनेजरमध्ये ही आणि अशी मंडळी 'मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर', 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' आणि 'मायक्रोसॉफ्ट कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री' या नावांनी दिसतात. लॅपटॉप चार्जरला लावून, झोपेचा टाइमर 'नेव्हर' करून, रात्रभर चालू ठेवायचा. एसएसडीवर हे काम काही तासांत आटपतं. हार्ड डिस्कवर दोन दिवसही लागतात. बॅटरीवर असताना इंडेक्सिंग मुद्दाम हळू चालतं, त्यामुळे रोज तासभर बॅटरीवर वापरून बंद केलेला लॅपटॉप आठवडा उलटला तरी तिथेच अडकलेला दिसतो.

किती काम उरलंय ते सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सर्चच्या पानावर दिसतं. 'पेंडिंग'समोरचा आकडा दिवसागणिक कमी होत असेल तर थांबा. दोन दिवस एकाच ठिकाणी असेल तर अनुक्रमणिका बिघडली आहे. त्याच पानावरून 'अ‍ॅडव्हान्स्ड इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'रीबिल्ड' करायचं.

आणि दरम्यान निदान दोनदा 'रीस्टार्ट' करायचं, 'शट डाउन' नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, खाली 'अप टाइम' पाहा. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्याच्या पडद्यावरही तिथे 'अकरा दिवस' असं काहीतरी दिसतं. एखादा अडकलेला ड्रायव्हर असाच अकरा दिवस अडकून राहतो. रीस्टार्टने तो आकडा शून्यावर येतो.

टास्क मॅनेजर : या अपग्रेडमधली सगळ्यात उपयोगी वस्तू

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबले की हा उघडतो. विंडोज ११ मधलं त्याचं नवं रूप वाचायला सोपं आहे आणि नव्वद टक्के निदान इथेच होतं. दुर्दैवाने बहुतेक जण पहिल्या पानावर 'डिस्क १००%' एवढं दिसलं की यूट्यूबवर उपाय शोधायला निघतात, आणि सापडेल ती सर्व्हिस बंद करत सुटतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

परफॉर्मन्सच्या पानावर डावीकडे डिस्क निवडा. नावाखालीच 'एचडीडी', 'एसएसडी (साटा)' किंवा 'एसएसडी (एनव्हीएमई)' असं लिहिलेलं असतं. साटा ही जुनी जोडणी, एनव्हीएमई नवी आणि जास्त वेगवान. मग तीन आकडे एकत्र वाचायचे : ॲक्टिव्ह टाइम, अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम, आणि वाचन-लेखनाचा वेग. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी, आणि रिस्पॉन्स टाइम पाचशे-हजार मिलिसेकंद, हे त्रिकूट दिसलं की निदान संपलं. डिस्क पूर्ण वेळ राबतेय आणि हाती काही लागत नाही.

असं का होतं याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य मार्गिकेवर (तबकडीवरच्या गोल ओळीवर) सरकायला आणखी बारा-एक. म्हणजे विखुरलेल्या एकेका तुकड्याला सतरा-अठरा मिलिसेकंद. सेकंदाला साठच्या आत तुकडे. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला सुमारे २३० केबी. डिस्क कामांचा क्रम लावून यात थोडी सुधारणा करते, पण ती काही पट, शेकडो पट नव्हे. मोठा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देते, कारण तिथे सगळं सलग असतं. विंडोजचं रोजचं काम सलग नसतं. विंडोज ११ मध्ये विजेट्स, टीम्स, एज आणि त्यांच्या पोटातली वेबव्ह्यूची (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागांची) पिलावळ एकाच वेळी छोटे छोटे तुकडे मागते. विंडोज १० वर कशीबशी तग धरलेली डिस्क इथे कोलमडते.

यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे एसएमआर. ७ मिलिमीटर जाडीच्या १ टीबीच्या अनेक लॅपटॉप डिस्कमध्ये मार्गिका मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं एका जागी लिहायचं तर पुढची पट्टी पुन्हा लिहावी लागते. अपग्रेडमध्ये अख्खं विंडोज नव्याने लिहिलं जातं आणि जुनं 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये सरकतं. त्यानंतर डिस्क कितीतरी वेळ आपलं आपणच आवरत बसते. टास्क मॅनेजरमध्ये कुठलाही प्रोग्रॅम काही करताना दिसत नाही, तरी रिस्पॉन्स टाइम चढलेला. तो या आवराआवरीमुळे.

पण एक शंका आधी फेडून घ्या : डिस्क संथ आहे की मरायला टेकली आहे? क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन उघडून तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने खोळंबलेले, सी६ म्हणजे कायमचे गेलेले. आकडे सोळा-अंकी पद्धतीत असतात, शेवटचे अंक शून्य असले की ठीक. सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीच्या सिस्टिम लॉगमध्ये डिस्क किंवा तिच्या कंट्रोलरच्या नावे ७, १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी साचलेल्या असतील तर तीच गोष्ट दुसऱ्या तोंडून. अशा डिस्कवर डिफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवत बसणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणं.

एसएसडी : कुठली, आणि बसवताना काय चुकतं

साटा एसएसडीचा सलग वेग सेकंदाला ५०० एमबीच्या वर असतो, आणि वर ज्या विखुरलेल्या तुकड्यांचा हिशेब केला तिथेही ती सेकंदाला दहा एमबीच्या बरंच वर देते. जाहिरातीतला पहिला आकडा विसरा, फरक दुसऱ्यामुळे जाणवतो. म्हणूनच या लॅपटॉपवर महागडी एनव्हीएमई आणि साधी साटा यांत रोजच्या कामात डोळ्यांना फारसा भेद कळत नाही. हार्ड डिस्क ते साटा ही उडी मोठी, साटा ते एनव्हीएमई ही पायरी.

अडीच इंची साट्यात दोन सरळ पर्याय. क्रूशियल बीएक्स५०० मध्ये डीरॅम (एसएसडीची स्वतःची वेगवान तात्पुरती मेमरी) नाही. ४८० जीबीला तीन वर्षांची हमी, १२० टीबी लेखनाची मर्यादा. सॅमसंग ८७० ईव्हीओमध्ये डीरॅम आहे. ५०० जीबीला पाच वर्षं आणि ३०० टीबी. बीएक्स५०० वर ५०-६० जीबीचं एकगठ्ठा काही ओतलं की ठरावीक जागा भरल्यावर तिचा वेग चांगलाच गडगडतो. लग्नाचे व्हिडिओ इकडून तिकडे करणाऱ्याने ८७० घ्यावी. ब्राउझर, टॅली, वर्ड, मुलांचे ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर बीएक्स५०० पुरते, जास्त पैसे रॅमवर घालावेत. २५६ जीबी मात्र कुणीच घेऊ नये. विंडोज, त्याची अपडेटं आणि मोकळी ठेवायची पंधरा-वीस टक्के जागा जाऊन हाती फार काही उरत नाही, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी पुन्हा रखडते.

मदरबोर्डवर एम डॉट २ची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) रिकामी खाच आहे का ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी पाहा. या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपना ती असते. पण काहींत तिथे फक्त साटा चालते, काहींत फक्त एनव्हीएमई. एसएसडीच्या पट्टीच्या टोकाला दोन कापे असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर एनव्हीएमई. 'बसली म्हणजे चालेल' हा समज इथे पैसे बुडवतो. आणखी एक सापळा : काही मॉडेलांत त्या खाचेत १६ जीबीचं ऑप्टेन (हार्ड डिस्कला वेग देणारी इंटेलची छोटी मेमरी) बसवलेलं असतं. ते इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ॲपमधून आधी बंद करायचं. तसंच उपटलं तर हार्ड डिस्कवरची माहिती अर्धवट ठरते आणि विंडोज सुरूच होत नाही.

बसवताना मागचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं. हार्ड डिस्कची पातळ रिबिन केबल ओढून काढायची नाही. कनेक्टरवरची काळी पट्टी नखाने उभी केली की केबल आपोआप सैल होते. घाईत ती पट्टी तुटते किंवा केबल तिरकी बसते. तिरकी बसल्याची खूण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ या ओळीत सापडते : तो आकडा रोज वाढत असेल तर एसएसडी चांगली आहे, केबल खराब आहे. नव्या कोऱ्या एसएसडीवर लॅपटॉप मध्येच दोन-दोन सेकंद गोठत असेल तर आधी हेच पाहायचं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, पाकीट फोडल्यावर त्याच साधनात 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या मालावर तिथे एखाद-दुसरा तास असतो. चार हजार तास दिसले तर वापरलेला माल चकचकीत डब्यात आलाय. बिल जपून ठेवलं असेल तरच त्यावर भांडता येतं.

जुनं उचलून नव्यावर, की कोरं विंडोज?

कोरं. एक तर १ टीबीची डिस्क ५०० जीबीवर क्लोन करताना, म्हणजे जशीच्या तशी उतरवताना, क्लोनझिलासारखं फुकट साधन आधी विभाग लहान करून मागतं आणि तिथे चुकायला भरपूर वाव असतो. दुसरं, सात वर्षांचा केरकचरा नव्या घरात न्यायचा कशाला?

तयारी अशी : ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, त्यावर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११. दुसऱ्या पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरून घेतलेला वायफाय ड्रायव्हर, कारण होम आवृत्तीची सुरुवातीची मांडणी (सेटअप) इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफाय चाललं नाही तर तिथेच घोडं अडतं. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' निवडून पुढे जायचं. फक्त होमच्या जागी प्रो निवडायचं नाही. लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी बघून ठेवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून कोरं बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की एन्क्रिप्शन बहुतेक लॅपटॉपवर आपसूक सुरू होतं, आणि पुढे बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

मराठी मंडळींसाठी खास : जुन्या डीटीपी फॉण्टांत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीत, टाइप केलेली कागदपत्रं असतील तर विंडोज फोल्डरमधल्या फॉण्ट्सची प्रतही घ्या. फायली शिल्लक राहिल्या आणि फॉण्ट गेला तर सोसायटीचा अख्खा ठराव इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो.

एसएसडी आहे, तरी रखडतो

इथून पुढचे प्रकार संख्येने कमी, पण ओळखायला अवघड.

सगळ्यात फसवा प्रकार वेगाचा. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं 'स्पीड' पाहा. ८२५०यूचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, गरज पडली की ३.४ पर्यंत. काम चालू असताना, चार्जर लावलेला असताना, तो ०.४ किंवा ०.८ वर खिळून बसला असेल तर विंडोजला दोष देऊ नका. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मध्यभागी एक बारीक पिन असते. अडॅप्टर किती वॅटचा हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ती वाकली, केबल आतून तुटली किंवा स्वस्तातला दुसरा अडॅप्टर लावला की लॅपटॉप 'ओळख पटत नाही' म्हणून प्रोसेसरचा गळा आवळतो. चार्जर काढून बॅटरीवर वेग वाढतो का बघा. वाढला तर चोर सापडला. अपग्रेडच्या आसपास हे घडलं की आळ विंडोजवर येतो. वड्याचं तेल वांग्यावर.

वेग आधी ३ च्या वर जाऊन अर्ध्या मिनिटाने दीडवर येत असेल तर ते नेहमीचंच, १५ वॅटच्या चिपला तेवढंच झेपतं. पण एचडब्ल्यूइन्फो या साधनात 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर (तापल्यामुळे वेग आवरणं) 'येस' आणि तापमान शंभरच्या घरात असेल तर पंख्यामागच्या जाळीत धुळीचा नमदा बसलाय. सात वर्षांत थर्मल पेस्टही वाळून खडू झालेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात तर विंडोज कुठलंही असो, ही सफाई चुकत नाही.

पॉवर मोड सेटिंग्जमध्ये 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर राहिला असेल तर तो बदला. पर्याय करडा दिसून बदलता येत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जुना 'हाय परफॉर्मन्स' किंवा कंपनीचा प्लॅन निवडलेला असतो. तिथे 'बॅलन्स्ड' करा, मोड परत मोकळा होतो.

मग ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर चित्राचं सगळं ओझं प्रोसेसर वाहतोय. खिडकी सरकवताना लहरत येते, ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत, यूट्यूबवर सीपीयू चढतो. यूएचडी ६२० चा, म्हणजे ८२५०यूच्या आतल्या ग्राफिक्सचा, ड्रायव्हर आधी लॅपटॉप कंपनीचा घालून पाहा, नाही जमलं तर इंटेलचा. प्रोसेसच्या यादीत 'सिस्टिम इंटरप्ट्स' काही न करताही सतत पाच टक्क्यांच्या वर असेल तर वायफाय किंवा ऑडिओच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. लेटन्सीमॉन हे साधन दहा मिनिटं चालवलं की दोषी फायलीचं नाव समोर येतं.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांना दोन वेगळ्या गोष्टी. आवाज तुटत, माउस अडकत अधूनमधून एखाद-दोन सेकंद सगळं गोठत असेल तर तो फर्मवेअर टीपीएमचा दोष असू शकतो. एएमडीने तो २०२२ मध्ये मान्य केला आणि उपाय बायोस अपडेटमध्ये दिला. दुसरी, मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात घातक कोड घुसू न देणारी सोय. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून या सुरक्षेला चिपमध्येच मदत आहे. रायझन ५ ३५००यू विंडोज ११च्या यादीत आहे पण झेन+ वर बांधलेला, त्याला ती मदत नाही, म्हणून तिथे ओझं जाणवतं. ८२५०यूवर ही सोय बंद करून हाती फारसं काही लागत नाही, उगाच कवच काढून ठेवल्यासारखं होतं. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या डाँगलचा ड्रायव्हर तिला आडवा येत असेल तर 'इन्कम्पॅटिबल ड्रायव्हर्स'च्या यादीत तो नावानिशी दिसतो.

रॅम आणि सुरुवातीची गर्दी

मेमरीच्या पानावर 'इन यूज'पेक्षा 'कमिटेड' (प्रोग्रॅमांना कबूल केलेली एकूण मेमरी) पाहा. तिथला पहिला आकडा ८ जीबीच्या बराच वर, उदाहरणार्थ ११, आणि त्याच वेळी डिस्कही तापलेली असेल तर रॅम कमी पडतेय. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' असेल तर आणखी एक ८ जीबीची पट्टी. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डावर डकवलेली आहे. बाजारात ३२०० च्या वेगाची पट्टी मिळाली तरी चालेल, ती २४०० वर धावेल. दोन पट्ट्यांमुळे आतल्या ग्राफिक्सलाही दुहेरी रस्ता मिळतो, तो फायदा फुकटचा. ४ जीबीवर विंडोज ११ चालतं हे मायक्रोसॉफ्टचं म्हणणं शब्दशः खरं आहे, तेवढंच.

स्टार्टअप ॲप्सच्या पानावर 'हाय इम्पॅक्ट' दिसतो त्याचा अर्थ ठरलेला आहे : सुरू होताना त्या प्रोग्रॅमने प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त उलाढाल केली. म्हणजे 'हाय' दिसलं म्हणजे गुन्हेगारच असं नाही. टीम्स, स्पॉटिफाय, प्रिंटरचे मदतनीस, लॅपटॉप कंपनीची जाहिरातबाज ॲप्स बिनधास्त बंद करा. टचपॅड, ऑडिओ, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर राहू द्या. जीएसटी भरणाऱ्यांनी एमसाइनर (डिजिटल सही करणारं सॉफ्टवेअर) उत्साहाच्या भरात उडवला तर अडचण कळते ती विवरणपत्र भरायच्या विसाव्या तारखेला.

अँटीव्हायरस एकच. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला दुसरा अँटीव्हायरस साध्या अनइन्स्टॉलने पुरता जात नाही. त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरा, मग रीस्टार्ट.

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, 'एका क्लिकमध्ये वेग' : शून्य गुण. प्रीफेच फोल्डर (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी) रिकामं केल्याने पुढची सुरुवात उलट हळू होते. सिसमेन (नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सर्व्हिस) बंद करण्याचा सल्ला लोकप्रिय आहे. हार्ड डिस्कवर त्याने आलेख तेवढा शांत दिसतो, प्रोग्रॅम उघडायला मात्र जास्त वेळ लागतो.

फायली बिघडल्याचा संशय असेल, म्हणजे सेटिंग्ज मध्येच बंद पडतात, अपडेट अर्ध्यावर फसतं, तर क्रम महत्त्वाचा. आधी टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून डिझमचं रिस्टोअरहेल्थ (विंडोजच्या मूळ फायलींचं कोठार दुरुस्त करणारी आज्ञा), ते पुरं झाल्यावर एसएफसी स्कॅननाउ (त्या कोठारातून बिघडलेल्या फायली बदलणारी). उलटं केलं तर एसएफसी बिघडलेल्या कोठारातूनच सामान आणतं. याहून सोपी सोय सेटिंग्जमध्ये रिकव्हरीखाली आहे, 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट'. ती प्रोग्रॅम, फायली, सेटिंग्ज न हलवता तीच आवृत्ती नव्याने बसवते. विंडोज ११ मधली ही खरोखर चांगली भर, आणि तिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत आहे.

एसएसडी घ्यायची नसेल तर

मग परत जा, लाज कसली. रिकव्हरीच्याच पानावर 'गो बॅक' दहा दिवस उपलब्ध असतं. ती मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते : ॲडमिन टर्मिनलमध्ये डिझम, त्यापुढे ऑनलाइन, सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो आणि व्हॅल्यू ६०, प्रत्येकाआधी जागा सोडून तिरकी रेघ, व्हॅल्यू आणि आकड्यामध्ये अपूर्णविराम (:), सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. हे दहा दिवस उलटायच्या आत करायचं. आणि तोवर डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हिअस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिचकी मारायची नाही. ती जागा मोकळी केली की परतीचा रस्ताही जातो.

विंडोज १० वर घरगुती वापरकर्त्याला सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू केला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर दहा लॅपटॉपांपर्यंत. परत गेल्यावर विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसत नसेल तर विनव्हर चालवून आवृत्ती बघा. २२एच२ च्या मागची असेल तर आधी तेवढं अपडेट घ्या, दुवा त्यानंतर येतो.